भिंतीत शिरलेला हत्ती

शेवटचं म्हणजे आम्ही दोघांनी माझ्या स्वयंपाकघरातली मांडणी मोजली. मंगळवार होता. माडीवरचे मास्तर फरशीवर मांडी घालून बसले होते. मी एकेक भांडं खाली काढून द्यायचो आणि ते माझ्याच व्हर्नियरनं, कारखान्यातल्या त्या मापाच्या चिमट्यानं, त्याचं तोंड, पोट, बूड मोजून वहीत लिहायचे. चहाचा डबा, मिठाची बरणी, पुरणाचं यंत्र, झारा. माझी बायको जाऊन सात महिने झाले होते आणि सात महिन्यांत त्या मांडणीला माझा हात लागला नव्हता. मास्तर प्रत्येक भांडं आधी स्वतःच्या शर्टानं पुसायचे आणि मग मोजायचे. धुळीनं माप चुकतं म्हणे.

अकराच्या सुमारास मी चहा केला. चहा मी गॅसच्या कट्ट्यावर ठेवलेल्या पुडीतूनच करत होतो, मांडणीकडं जायला नको म्हणून. ओतायला घेतला तर तो कपात न पडता कपाच्या शेजारी, सरळ मास्तरांच्या वहीवर पडला. मास्तर म्हणाले, हात कापतो वाटतं हल्ली. मी व्हय म्हणून सोडून दिलं असतं तर चाललं असतं. बत्तीस वर्षं तसंच चालवलं होतं. पण त्या दिवशी मांडणी अर्धी रिकामी होती, आणि मला आणखी एक खोटं सांभाळायचा कंटाळा आला.

"मास्तर, हात न्हाय. डाव्या डोळ्यानं मला काय बी दिसत न्हाय. बत्तीस वर्सं झाली."

त्यांनी वही झटकली. व्हर्नियर मिटला. माझ्या उजव्या डोळ्याकडं बघितलं, मग डाव्याकडं.

"हत्ती?" त्यांनी विचारलं.

"हत्ती बी."

ते उठले आणि चहा न पिता जिना चढून वर गेले. वही खालीच राहिली.

हत्तीचं प्रकरण सांगतो. पण आधी हा माणूस सांगायला पाहिजे, नाहीतर हत्ती कळायचा नाही.

मास्तर चित्रकलेचे. गाव कोडोली, नोकरी इथं एका हायस्कुलात. रिटायर झाल्यावर आमच्या माडीवर भाड्यानं राहायला आले. भाडेकरू आला की आधी पाणी किती वेळ येतं ते विचारतो. ह्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि विचारलं, तुमच्या दोन डोळ्यांतलं अंतर किती? मी म्हटलं, देवानं दिलंय तेवढंच. तर म्हणाले, मोजू या. सामान म्हणजे एक खाट, एक स्टो आणि एक कॉम्प्युटर. खाट हातगाड्यावर आली, पण कॉम्प्युटर रिक्षात, ह्यांच्या मांडीवर, वरनं चादर घालून. गल्लीतल्या बायकांना वाटलं मास्तरांनी कुणाचं तरी लेकरू आणलं.

रिटायर झालेली माणसं आमच्याकडं दोन कामं करतात. भावाबरोबर बांधावरनं भांडतात, नाहीतर सकाळी बागेत जाऊन खोटं हसतात. मास्तरांनी एकसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरचा क्लास लावला. पहिल्या दिवशी पोरं ह्यांनाच सर समजून उभी राहिली. ह्यांनीही बसा म्हणून सांगितलं. तिथं ते एक सॉफ्टवेअर शिकले, ज्यात पिठाच्या गोळ्यासारखा आकार करायचा, त्याला वरनं रंगाची कातडी चढवायची, मग पाहिजे तिथं सूर्य टांगायचा. एवढं सगळी पोरं करत होती. मास्तर पुढं गेले. त्यांनी त्या आतल्या जगात शेजारी शेजारी दोन कॅमेरे लावले, एक डाव्या डोळ्याचा आणि एक उजव्याचा, मधे डोळ्यांएवढंच अंतर ठेवून. मग कॉम्प्युटर एकेका डोळ्याचं चित्र रांधत बसायचा. एका चित्राला चार-चार तास. पंखा असा घुमायचा की खाली आम्हाला वाटायचं माडीवर पिठाची गिरणी टाकली.

डावं चित्र तांबडं, उजवं निळं, एकावर एक. बघायला पुठ्ठ्याचा चष्मा, एक काच तांबडी, एक निळी. तो घातला की चित्रातली वस्तू म्हणे भिंतीतून बाहेर येते. मास्तर समजावून सांगायचे, "आबा, दोन डोळ्यांना जरा वेगवेगळं दिसतं. डोकं त्या दोघांचं भांडण मिटवतं. मिटवताना मधे जी जागा निघते, तिचं नाव खोली."

भांडण मिटवायला दोन पार्ट्या लागतात. माझ्याकडं एकच होती. चष्मा घातला की मला सगळं जग निळं दिसायचं, आणि पहिल्याइतकंच चपटं.

हे मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. व्याह्याला त्याच्याच पंगतीत सांगितलंय की रस्सा पांचट झालाय. पण हे एक मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होतो, फिरतं लोखंड कातायच्या यंत्रावर. तरणा असताना लोखंडाचा कीस उडून डाव्या डोळ्यात गेला. डोळा वरनं शाबूत राहिला, आतनं विझला. एका डोळ्याच्या माणसाला लेथवर कोण उभा करतंय? मी शेठला डोळे आलेत म्हणून सांगितलं, पंधरा दिवस घरी बसलो आणि परत कामाला लागलो. डोळ्यानं कळत नव्हतं ते बोटानं मोजायला शिकलो. रिटायर झालो तरी एकट्या बायकोलाच ठाऊक होतं. चहा ओतताना भांड्याची कड कपाला टेकवायची, म्हणजे सांडत नाही, हे तिनंच शिकवलं. त्या मंगळवारी नेमकं तेच राहिलं.

मग मास्तरांनी पहिलं चित्र दाखवलं. कळशी होती, आणि त्या कळशीत माझाही हात होता. ते बिचारे कळशी गोळ्यासारखी दाबून करायला बघत होते आणि ती भोपळ्यासारखी व्हायची. मी म्हटलं, अवो, गोल वस्तू अशी घडवत नसत्यात. निम्म्या अंगाची रेघ काढा आणि ती मधल्या दांड्याभोवती फिरवा. त्यांनी शोधलं तर त्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी तसंच हत्यार होतं, आणि नाव काय, तर लेथ. मास्तरांनी मला दोन्ही हातांनी नमस्कार केला. मला तो लेथ आवडला. त्यातनं कीस उडत नाही.

तर कळशी तयार झाली, मला चष्मा दिला आणि मास्तर श्वास धरून उभे. "पुढं आली?"

बायको दारात परात घेऊन उभी होती.

"आली की," मी म्हटलं. "नाकाला लागंल."

मास्तर लहान पोरासारखे हसले. बायकोनं मग चष्मा घातला, हात पुढं केला आणि हवेतल्या कळशीचा काठ धरायला बघितला. तिला खरंच दिसत होती. नंतर मला म्हणाली, अख्ख्या गावाला तोंडावर बोलताय, आणि त्या गरिबाला खोटं? मी म्हटलं, त्याचं मन मोडू नये म्हणून. ती म्हणाली, मन त्याचं न्हाय, तुमची चोरी झाकताय.

व्हर्नियर माझा, पण त्यांनी तो असा वापरला की लेथवरच्या कुठल्या टर्नरनं वापरला नसेल. अख्ख्या गल्लीचे डोळे मोजले. वहीत नाव आणि पुढं मिलिमीटर. माझे सहासष्ट. बायकोचे एकोणसाठ. "वैनींचे डोळे जवळ आहेत, म्हणून त्यांना जवळचं नीट दिसतं," असं ते माझ्याकडं बघून म्हणाले. माझं अंतर त्यांनी दोनदा तपासलं. दोन्ही दिवे पेटतात का, ते मात्र विचारलं नाही. शिकल्या माणसाचं असंच असतं. दशांशापर्यंत मोजेल, पण साधं विचारणार नाही.

एकदा सकाळी दूधकट्ट्यावर ताजं धारोष्ण दूध प्यायला गेलो. म्हशी उभ्या, धारा चाललेल्या, लोक पेले घेऊन रांगेत. मास्तर रांग सोडून म्हशीचे डोळे मोजायला गेले. म्हशीनं शेपूट फिरवली आणि मालकानं तोंड सोडलं. "ओ पावणं, म्हस इकायची न्हाय!" मास्तर म्हणाले, विकत नको, मला फक्त तिच्या दोन डोळ्यांतलं अंतर पाहिजे. तो म्हणाला, मग लांबनंच घ्या.

त्यातनं एक गंमत निघाली. कॅमेऱ्यांमधलं अंतर जितकं वाढवावं तितकं जग बारीक दिसतं. मास्तरांनी आमची गल्ली कॉम्प्युटरमध्ये बांधली होती, गटारीच्या झाकणासकट. त्यात दोन कॅमेरे दोन फुटांवर लावले आणि चित्र काढलं. बायकोनं बघितलं आणि हसायलाच लागली. घरं काडेपेटीएवढी, माणसं मुंगळ्याएवढी, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं डिजिटल बॅनर पोस्टाच्या तिकिटाएवढं. नेमका तो पुढारी गल्लीत आला. मास्तरांनी त्यालाही चष्मा लावला. तो म्हणाला, लोक लई बारकी दिसत्यात. मास्तर म्हणाले, "साहेब, दोन डोळ्यांत दोन फूट अंतर पडलं की माणसं खेळण्यातली दिसतात. तुम्हाला सवय असेल." तो चहा न घेता गेला. पुढं महिनाभर आमच्या गल्लीत रोजची घंटागाडी दिवसाआड यायची.

लग्न झालेल्या घरी गेले तर जेवायच्या आधी अल्बम मागायचे आणि चष्मा लावून म्हणायचे, सगळे चपटे आहेत, नवरी भिंतीला चिकटलीय. हळूहळू आमंत्रणं कमी झाली. त्यांना त्याचं काही नव्हतं. मंगलकार्यालयात खोली कुठं असते, म्हणायचे.

आता हत्ती.

आमच्या तालमीच्या गणपतीला दरवर्षी देखावा असतो. एका वर्षी पोरं मास्तरांकडं आली. पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा दाखवा, त्यातनं हत्ती निघून लोकांच्या अंगावर आला पाहिजे, आणि सगळ्यांना तुमचा चष्मा. मास्तर सहा आठवडे त्या हत्तीला लागले होते. नुसत्या सोंडेच्या सुरकुत्यांना नऊ दिवस. हत्ती निम्म्यावर आला आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. एका डोळ्यावर पट्टी. म्हणाले, "आबा, पंधरा दिवस मी काणा. खोली मला दिसायची नाही. तुम्ही माझे डोळे. हत्ती बाहेर येतो का आत जातो, एवढं सांगा."

मी चष्मा घातला. निळा हत्ती, निळा दरवाजा, मागं निळं आभाळ. दोन काणे एका हत्तीसमोर बसले होते आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं. बायको त्या दिवशी बहिणीकडं हातकणंगल्याला गेलेली. ती असती तर पुढचं टळलं असतं.

"येतोय," मी म्हटलं. "सरका जरा, पाय देईल."

पट्टीमुळं मास्तरांनी डावं चित्र उजवीकडं आणि उजवं डावीकडं घातलं होतं. तसं झालं की सगळं आतबाहेर उलटतं. मला ते कळायचं काही कारण नव्हतं.

पहिल्या आरतीनंतर पडदा उघडला. दोनशे माणसं, सगळ्यांच्या नाकावर तांबडे-निळे चष्मे, ढोल थांबलेले. आणि हत्ती भिंतीत गेला. जिथं हत्ती पाहिजे तिथं हत्तीच्या आकाराचं भोक. आभाळ मात्र सगळ्यांच्या नाकाला येऊन चिकटलं. लोक डोकी धरायला लागले. पाटलांच्या म्हातारीनं चष्मा काढून उलटा घातला, तेव्हा हत्ती बाहेर आला म्हणे, पण तिच्यावर विश्वास कुणी ठेवला नाही. मागनं एकजण ओरडला, "मास्तर, हत्ती माघारी निघालाय, त्याला कुणी तरी बोलवा की." मग जे हसू फुटलं ते विसर्जनापर्यंत थांबलं नाही. अजून आमच्या गल्लीत एखादं काम फसलं की म्हणतात, हत्ती आत गेला.

मास्तरांना लोकांच्या हसण्याचं काही वाटलं नाही. गर्दीतनं ते माझ्यापाशी आले आणि हळूच विचारलं, "तुम्हाला बाहेर दिसला होता ना?"

दोनशे माणसं होती. त्यात माझ्या जुन्या कारखान्यातले चार जण. मी म्हटलं, "व्हय. चांगला बाहेर हुता."

"मग मी नंतर हात लावला असणार," ते म्हणाले. "मला आठवत नाही."

ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आबांनी बाहेर बघितला म्हणजे बाहेर होता. पुढं उलटा झाला म्हणजे आपणच केला. आणि केलेलं आठवत नाही म्हणजे आपलं डोकं गेलं. असा त्यांनी हिशेब मांडला, आणि त्यातला एकच आकडा खोटा होता, माझा. त्यांचे वडील शेवटी घरचा रस्ता विसरले होते, तीच भीती बसली. त्यांनी एक वही केली आणि सगळं लिहून ठेवायला लागले. दूध घेतलं. कुलूप लावलं. डावं डावीकडं घातलं. परत बघितलं. संडासाला जाताना सुद्धा वही बरोबर. लोकांसाठी चित्र करायचं बंद केलं. पंखा गप्प झाला. आधी त्याच्या आवाजानं आम्हाला झोप यायची नाही, आता आवाज नाही म्हणून यायची नाही.

बायको म्हणाली, सांगा त्यास्नी. मी म्हटलं, सांगतो. गौरी झाल्या, दसरा झाला. मग ती आजारी पडली. दवाखान्यातही तिनं एकदा विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, सांगितलं. मरायला टेकलेल्या बाईला मी एवढं मोठं खोटं बोललो. तिनं माझ्याकडं बघितलं, तिचे ते जवळजवळचे डोळे, आणि कूस बदलली.

ती गेल्यावर माणसं बोलायला आली. सगळी तेच बोलली. सोनं झालं, सवाष्ण गेली. ज्याची जाते त्यालाच विचारावं सोनं का पितळ ते. मास्तर आले नाहीत. दहा दिवस वरनं खाली उतरले नाहीत, आणि मला त्याचा राग होता. मग सात महिन्यांनी पोरगा सुट्टीला आला आणि म्हणाला, आबा, ही मांडणी काढून ट्रॉल्या बसवू, तुमच्या सुनेला असलं जुनं आवडत न्हाय. त्याचा आवाज मोठा आहे, वर गेला असणार. तो पुण्याला परत गेला त्या दिवशी मास्तर खाली आले. ट्रॉल्या बसायच्या आत मांडणी मोजायची आहे म्हणाले. व्हर्नियर द्या. वैनींनी जसं लावलंय तसं, एक चमचा इकडचा तिकडं न करता. मग आठ दिवस आम्ही मोजत होतो, मापं त्यांच्या त्याच वहीत, रात्री ती कॉम्प्युटरमध्ये, आणि वरचा पंखा परत घुमायला लागला होता.

आणि शेवटच्या मंगळवारी मी ते बोललो. ते वर गेले. माझी भीती एकच होती, की आता हा माणूस माझं तोंड बघायचा नाही. खाली काढलेली भांडी मी जागच्या जागी लावली, आणि जेवायला हाक मारावी का नको ह्यात दुपार गेली. चारला वर गेलो. मास्तर खुर्चीत बसले होते, हात टेबलावर, मान जरा कलती. हाक मारली. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. पंखा चालू होता, पडदा काळा होता. त्यांचा पुतण्या आला, अंधार पडायच्या आत पंचगंगेवर सगळं आटोपलं. घरी येऊन बघतो तर वही माझ्या फरशीवर तशीच, चहाचा डाग वाळलेला. महिनोन् महिने जो माणूस वहीशिवाय मोरीत गेला नाही, तो वही टाकून जिना चढला होता. मला वाटलं, रागानं.

सकाळी पुतण्या सामान न्यायला टेम्पो घेऊन आला. चाळिशीचा, कामाचा माणूस. खाट गेली, स्टो गेला. मग त्यानं कॉम्प्युटरची वायर ओढायला घेतली. त्याचा धक्का लागून पडदा उजळला.

आमची मांडणी होती. तांबडी नाही, निळी नाही, आपल्या रंगात. पितळ पितळेसारखं. आणि ती हलत होती. डाव्या डोळ्याचं चित्र, उजव्याचं, परत डाव्याचं, परत उजव्याचं, एकामागनं एक, भराभर.

"बिघडलंय वाटतं," पुतण्या म्हणाला. "नुसतं थरथरतंय."

मी खुर्चीत बसलो. चष्मा नव्हता, लागत पण नव्हता. मागची भिंत जागेवर होती. झारा सगळ्यात पुढं, तो जास्त हलत होता. मिठाची बरणी त्याच्यापेक्षा कमी. आणि बरणीच्या मागनं चहाचा डबा, जरासा दिसायचा, झाकायचा, दिसायचा, झाकायचा. बरणी आणि डबा ह्यांच्यामधे जागा होती. हात जाईल एवढी. तिचा हात जायचा एवढी. मला ती जागा एका डोळ्यानं दिसत होती.

आठ रात्री रांधलेली चित्रं घेऊन अकरापासनं त्यांनी तेच केलं होतं. आणि ते करताना काही लिहून ठेवलं नव्हतं.

पुतण्या म्हणाला, आबा, बंद करू का? मी म्हटलं, हात लावू नगंस. चहा पिऊन जा.

खाली आलो. कट्ट्यावरची पुडी बाजूला सारली आणि मांडणीपुढं उभा राहिलो. मान डावीकडं केली, उजवीकडं केली, परत डावीकडं. पुतण्या दारातनं बघत होता, म्हातारा कामातनं गेला असं त्याला वाटलं असणार. झारा हलला, बरणी हलली. मी बरणीच्या मागं हात घातला आणि डबा काढला. कुठं धडकला नाही. झाकण उघडलं, वास उडून गेला होता, तरी तोच चहा टाकला. मग दोन कप मांडले आणि भांडं कपाला न टेकवता, मान हलवत हलवत, वरनं ओतला.

निम्मा सांडला. पण ह्या वेळी कप कुठं आहे ते बघून सांडला.